अकबर बादशाहाची पाचवी गोळी

अकबर बादशाह म्हटलं की आपल्याला बिरबलाच्या गोष्टी आठवतात, नाहीतर मुघल-ए-आझम मधला कडक बाप. शाळेच्या पुस्तकात तोडरमलाची जमीनमोजणी येते, जिझिया माफ केल्याचं येतं, फतेहपूर सिक्रीचं चित्र येतं. पण या बादशाहाचा एक चेहरा फारसा कुणाला माहीत नाही. तो म्हणजे बंदुकीच्या कारखान्यात लक्ष घालणारा, कच्ची नळी स्वतः हातात घेऊन तपासणारा अकबर.

एक साधा प्रश्न आहे. चांगली बंदूक हवी असेल तर नामांकित उस्तादाकडे काम सोपवून निर्धास्त व्हावं, की स्वतःच भट्टीपाशी बसावं? हा प्रश्न शौकाचा वाटतो, पण तो जिवाचा आहे. तलवार वाईट निघाली तर तुटते. बंदुकीची नळी वाईट निघाली तर ती धरणाऱ्याच्याच तोंडासमोर फुटते. अकबराने या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं, ते त्याच्या सगळ्या आयुष्यात दिसतं.

तोफेसमोरचं लेकरू

जलालुद्दीन मुहंमद अकबरचा जन्म 15 ऑक्टोबर 1542 रोजी सिंधमधल्या उमरकोटला झाला. बाप हुमायून तेव्हा राज्य गमावून वणवण फिरत होता. पुढे आईबाप इराणकडे गेले आणि तान्हं मूल चुलत्यांच्या ताब्यात राहिलं. 1547 मध्ये हुमायूनने काबूलला वेढा घातला, तेव्हा आत त्याचा भाऊ कामरान होता आणि चार वर्षांचा अकबरही होता. अबुल फजलने लिहून ठेवलं आहे की कामरानने त्या लेकराला तटावर, तोफांच्या माऱ्यासमोर ठेवलं. बाहेर तोफखाना बापाचा, आणि समोर मुलगा! गोलंदाजांचे हात थरथरले, निशाणे चुकू लागले, आणि मूल वाचलं.

हत्याराशी अकबराची पहिली ओळख ही अशी झाली.

त्याच्या घराण्यात तोफा-बंदुकांची विद्या होती, पण ती भाड्याच्या उस्तादांच्या हातात होती. आजोबा बाबर याने 1526 मध्ये पानिपत जिंकलं त्यात उस्ताद अली कुली आणि मुस्तफा रूमी या दोघांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी अली कुलीने आग्र्यात मोठी तोफ ओतायला घेतली. साचा भरायच्या आधीच वितळलेली धातू कमी पडली. उस्तादाची अवस्था इतकी वाईट झाली की तो उकळत्या धातूत उडी घ्यायला निघाला. बाबरने त्याची समजूत काढली, त्याला खिलत दिली. पुढे तोफ चांगलीच निघाली. पण 1527 मध्ये याच उस्तादाची एक तोफ डागताना फुटली आणि तिच्या तुकड्यांनी आठ माणसं जागीच मारली. बाबरने दोन्ही प्रसंग आपल्या आठवणींत प्रामाणिकपणे नोंदवले आहेत.

बाप हुमायून याने उस्तादाच्या भरवशाचा दुसरा धोका पाहिला. गुजरातच्या बहादूरशाहाचा तोफखाना रूमी खान नावाच्या तरबेज माणसाच्या हाती होता. 1535 मध्ये रूमी खान धन्यावर नाराज झाला आणि हुमायूनला जाऊन मिळाला. हुमायूनचा फायदा झाला खरा. पण शिकण्यासारखी गोष्ट उलटी होती. सगळी विद्या एका उस्तादाच्या डोक्यात असेल, तर तो उठून गेला की विद्याही उठून जाते.

म्हणजे उस्ताद चुकू शकतो, आणि उस्ताद सोडूनही जाऊ शकतो. मग करायचं काय?

पुस्तकापेक्षा कारखान्यात रमणारा

14 फेब्रुवारी 1556 ला पंजाबातल्या कलानौर इथे अकबर तख्तावर बसला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला पानिपतची दुसरी लढाई झाली. त्या लढाईच्या आधीच मुघलांच्या आघाडीच्या तुकडीने हेमूचा तोफखाना काबीज केला होता. मुलाने हेही पाहिलं असणार की तोफा नुसत्या असून भागत नाही, त्या वेळेवर हाताशीही असाव्या लागतात.

अकबर लिहा-वाचायला शिकला नाही. त्याचा मुलगा जहांगीर यानेही हे लपवलेलं नाही. पण रोज पुस्तकं वाचून घेऊन ऐकणारा हा माणूस हाताच्या कामात मात्र कुणाला हार जाणारा नव्हता. 1580 मध्ये गोव्याहून गेलेले जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला पोहोचले. त्यांच्यातला मोन्सेरात सांगतो की महालाजवळच कारखाने होते. तिथे चित्रकार, सोनार, गालिचे विणणारे आणि हत्यारं बनवणारे काम करत. बादशाह तिथे जाऊन नुसता बघत नसे, स्वतःही काम करून बघे. कधी मजुरांबरोबर दगडही फोडत असे. हिंदुस्थानचा बादशाह आणि हातात छिन्नी! दरबारातल्या खानदानी लोकांना हे कसं वाटलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

गोव्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. 1575 मध्ये अकबराने हाजी हबीबुल्लाह यांना पैसे देऊन गोव्याला पाठवलं. फिरंगी लोकांच्या अजब वस्तू विकत आणायच्या, एवढंच ते काम नव्हतं. त्यांच्यासोबत आपले कारागीरही पाठवले होते, म्हणजे तिथलं कसब बघून, शिकून यायचं. दोन वर्षांनी हाजीसाहेब परतले. तयार माल आणा, पण तो बनवणारा हातही आपल्याकडे तयार करा, हा त्यामागचा हिशेब.

चित्तोड आणि संग्राम

अकबराच्या बंदुकीचं नाव इतिहासात गाजलं ते चित्तोडच्या वेढ्यात. हा वेढा ऑक्टोबर 1567 मध्ये सुरू झाला. डिसेंबरात तटाखाली दोन सुरुंग लावले होते. पहिला उडाला, सैनिक खिंडारात धावले, आणि तेवढ्यात उशिरा पेटलेला दुसरा उडाला. अकबराची स्वतःची सुमारे दोनशे माणसं त्यात गेली. दारूच्या कामात थोडी गफलत काय करते, हे सगळ्या छावणीने डोळ्यांनी पाहिलं. लांबून जड तोफ ओढत आणण्यात वेळ जाईल म्हणून अकबराने छावणीतच, आपल्यासमोर, एक मोठी तोफ ओतवून घेतली.

फेब्रुवारी 1568 मधली एक रात्र. पडलेल्या तटाची डागडुजी चालली होती. चिलखत घातलेला एक माणूस हुकूम देत फिरताना दिसला. अकबराने आपली आवडती बंदूक उचलली आणि गोळी झाडली. या बंदुकीचं नाव संग्राम. तो माणूस म्हणजे किल्ल्याचा सेनापती जयमल राठोड. थोड्याच वेळात किल्ल्यात जोहाराच्या ज्वाळा दिसल्या, आणि सकाळी चित्तोड पडलं.

इथे थांबून खरं बोललं पाहिजे. किल्ला पडल्यावर अकबराने कत्तलीचा हुकूम दिला. अबुल फजल हा त्याचा स्वतःचा इतिहासकार. तोच मेलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या घरात देतो, आणि त्यात आसऱ्याला आलेली साधी रयत मोठ्या संख्येने होती. या गोष्टीवर पांघरूण घालण्यात काही अर्थ नाही. आपला म्हणून कुणाचा गुन्हा लहान होत नाही.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली. किल्ल्यात काल्पीचे एक हजार बंदूकची होते. वेढ्यात त्यांनी मुघलांचं फार नुकसान केलं होतं, म्हणून अकबराला ते हवेच होते. पण त्यांनी आपल्याच बायकापोरांना कैद्यांसारखं बांधलं, आपण जणू बादशाहाचेच शिपाई आहोत असा आव आणला, आणि गर्दीतून सगळे सहीसलामत निसटले. शेतकरी मारले गेले. ज्यांच्याकडे कसब होतं, ते डोकं चालवून वाचले.

नळी कशी घडायची

अकबराच्या बंदूकखान्याचं वर्णन अबुल फजलच्या आईन-ए-अकबरी मध्ये आहे. दरबारी माणसाने लिहिलेलं आहे, म्हणून बादशाहाची तारीफ थोडी वजा करूनच वाचावं. पण कामाचे बारकावे इतके नेमके आहेत की ते बघितल्याशिवाय कुणी लिहू शकणार नाही.

आधीची पद्धत अशी होती की लोखंडाचा पत्रा ठोकून गोल करायचा आणि दोन कडा एकमेकींना भिडवून जोडायच्या. हा सांधाच नळीचा कच्चा भाग. दारू थोडी जास्त झाली की सांधा उकलायचा. म्हणून पूर्वी नळीचा चौथा हिस्साच दारूने भरत. नव्या पद्धतीत पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरका गुंडाळत. कडेला कड न भिडवता एकावर एक चढवत, आणि हळूहळू तापवून जोडत. आणखी एक पद्धत होती. लोखंडाचे गोल तुकडे तापवून त्यांना आरपार भोक पाडायचं आणि असे तीन-चार तुकडे जोडून एक नळी करायची. अशी नळी तोंडापर्यंत दारूने भरली तरी फुटत नसे, असं अबुल फजल म्हणतो.

हे काम करणाऱ्यांत उस्ताद कबीर आणि हुसेन ही दोन नावं त्याने मुद्दाम नोंदवली आहेत. म्हणजे हातोडा उस्तादाच्याच हातात होता. बादशाहाने तो हिसकावून घेतला नाही. त्याने तपासणी मात्र आपल्या हातात ठेवली.

ही तपासणी बघण्यासारखी आहे. नळीचा पहिला कच्चा आकार तयार झाला की तिला दौल म्हणत. किती कच्चं लोखंड घेतलं आणि तापवून-ठोकून किती उरलं, हे आकडे तिच्यावर कोरत. लोखंड जवळजवळ निम्मं जळून जाई, त्यामुळे चोरीला आणि हयगयीला जागा राहत नसे. मग ती बादशाहाच्या खासगी महालात जाई. गोळीचं वजन तिथे ठरे. लांब बंदुकीला पंचवीस टांकांपर्यंत, आखूड बंदुकीला पंधरा टांकांपर्यंत. त्यानंतर नळी एका जुन्या दस्त्यावर बसवून तिचा तिसरा हिस्सा दारूने भरत आणि उडवून बघत. टिकली तर पुढचं काम. गोळी वाकडी गेली तर नळी तापवून, आत गज घालून सरळ करत, आणि मगच ती कानस मारणाऱ्याकडे जाई.

दस्ता, घोडा, गज असं सगळं बसलं की बंदुकीला सादा म्हणत. आता ती पुन्हा महालात जाई, आणि तिच्याबरोबर पाच गोळ्या पाठवत. बादशाह चार झाडून बघे आणि पाचवी गोळी बंदुकीबरोबर परत करी. पाचवी गोळी परत आली म्हणजे चाचणी झाली, बंदूक पास. मग रंगकाम. दस्त्यासाठी नऊ रंगांतला एक निवडायचा. रंगवलेल्या बंदुकीला रंगीन म्हणत. ती पुन्हा पाच गोळ्यांसह आत जाई आणि पुन्हा पाचवी गोळी परत येई. सोन्याचं काम त्यानंतर होई. आधी चाल, मग नक्षी! आपल्याकडे बऱ्याचदा उलटं चालतं, नाही का?

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक बंदुकीवर लोखंड कुठून आणलं, ती कुठे घडली, तारीख, तिचा नंबर आणि घडवणाऱ्या कारागिराचं नाव हे सगळं असे. उद्या बंदूक चांगली चालली तर लोकांनी उस्तादाचं नाव घ्यावं, आणि बिघडली तर कुणाला विचारायचं हेही माहीत असावं. मान आणि जबाबदारी, दोन्ही त्या एका ओळीत आलं. आपल्या दख्खनमध्येही हा रिवाज होता. विजापूरची मुलुख मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिच्यावर मुहंमद बिन हुसेन रूमी हे ओतणाऱ्याचं नाव आजही वाचता येतं.

हजारो बंदुकांतून बादशाहाने स्वतःसाठी 105 निवडल्या होत्या. बारा महिन्यांच्या बारा, आठवड्यांच्या तीस, दिवसांच्या बत्तीस आणि राखीव एकतीस. त्यांत पहिला मान संग्रामचा. एकट्या संग्रामने मारलेल्या शिकारीचा आकडा आईन मध्ये 1019 दिला आहे.

नाव कुणाचं?

1583 मध्ये विजापूरच्या दरबारातून अमीर फतहुल्लाह शिराझी अकबराकडे आले. गणित, यंत्रविद्या, वैद्यक, हिशेब अशी त्यांची अनेक विषयांत गती होती. एका चाकाच्या फिरण्याने सोळा नळ्या एकदम साफ होतील असं यंत्र, आणि सतरा नळ्या एकत्र जोडून एकाच बत्तीने उडणारी बंदूक या त्या काळच्या दोन नव्या गोष्टी. अबुल फजल त्यांचं श्रेय बादशाहाला देतो. अनेक इतिहासकार मात्र शिराझींचं नाव घेतात. 1589 मध्ये काश्मीरात शिराझी वारले तेव्हा अकबराला फार दुःख झालं.

गंमत बघा, साध्या लोहाराचं नाव नळीवर कोरायला लावणाऱ्या दरबारात एवढ्या मोठ्या विद्वानाच्या कामावर मात्र धन्याचं नाव चढलं. ही खोड फक्त बादशाहांची नाही. आजही कितीतरी दुकानांत, ऑफिसांत काम करणारा एक आणि पाटी दुसऱ्याची असते.

दुसरी उणीवही सांगायला हवी. ही सगळी तपासणी एका माणसाच्या आवडीवर उभी होती. खास बंदुका बादशाहाच्या हातून जात. पण शाही बंदूकची होते बारा हजार. त्यांचा साधा शिपाई महिन्याला 110 ते 250 दाम कमवायचा, आणि चाळीस दामांचा तेव्हा एक रुपया. त्या प्रत्येकाच्या हातातल्या बंदुकीसाठी कुणी पाचवी गोळी परत पाठवत नव्हतं. अबुल फजलने तोड्याशिवाय, नुसत्या घोड्याच्या हालचालीने उडणाऱ्या बंदुकीचाही उल्लेख केला आहे. तरी पुढे कितीतरी काळ मुघल फौज तोड्याचीच बंदूक वापरत राहिली. एका माणसाची पारख कितीही मोठी असली, तरी तिची व्यवस्था झाली नाही तर ती त्याच्याबरोबर संपते.

शेवटची वर्षं

1578 मध्ये पंजाबात भेऱ्याजवळ मोठी हाक्याची शिकार लावली होती. हजारो जनावरं घेरून आणली होती. ऐन वेळी अकबराच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने शिकार थांबवली आणि सगळी जनावरं सोडून द्यायला लावली. पुढे त्याचं मांस खाणंही कमी होत गेलं. चित्तोडवर कत्तलीचा हुकूम देणारा पंचविशीतला अकबर आणि घेरलेल्या जनावरांना वाट करून देणारा पस्तिशीतला अकबर, दोघे एकच. माणूस बदलू शकतो. पण पहिल्याने केलेलं दुसऱ्याने पुसलं जात नाही.

शेवटची मोठी मोहीम दख्खनची. अहमदनगरला चांदबीबीने 1596 मध्ये मुघलांना रोखून धरलं होतं, ते 1600 मध्ये पडलं. 1601 मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड हाती आला. 27 ऑक्टोबर 1605 रोजी आग्र्यात अकबराचं निधन झालं. सिकंदऱ्याला त्याची कबर आहे.

मग उस्ताद की स्वतः? अकबराचं उत्तर दोन्हींच्या मधलं होतं. कसब उस्तादाचं, पण ते ओळखण्याइतकं ज्ञान आपलं. आणि दुसऱ्याच्या हातात देण्याआधी धोका आपण घ्यायचा. नळीवर कारागिराचं नाव कोरता येतं. ती बंदूक कुणावर रोखली, त्याची जबाबदारी मात्र चालवणाऱ्याचीच राहते. चित्तोडसाठी कुणी उस्ताद कबीरला जाब विचारणार नाही.

आज परवान्याशिवाय बंदूक घडवणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण प्रश्न बंदुकीपुरता नाही. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे आपले शिकलगार बांधव आहेत. हत्याराला झिलई देणारा तो सैकलगर, तेच हे नाव. कारखान्यात कानस मारणाऱ्याच्या रांगेत त्यांच्यासारखेच कुणी बसले असतील. आज त्यांची पोरं लेथवर, वेल्डिंगवर, गॅरेजमध्ये काम करतात, आणि बिल मात्र दुसऱ्याच्या नावाने फाटतं. या पोरांना कसब घरातून मिळालं आहे. आता त्यांना शिक्षण मिळालं पाहिजे, हिशेब यायला हवा आणि केलेल्या कामावर स्वतःचं नाव टाकता आलं पाहिजे. आणि काम करून घेणाऱ्या आपण सगळ्यांनी एवढं करावं की घासाघीस करण्याआधी ते काम नीट पारखायला शिकावं.